कालुंदर म्हणजे देशी तिलापिया नव्हे

गोव्यात खाडीलगत मचूळ पाण्याचे तळे असलेल्या एका शेतकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांचे हे उत्तर आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी तळ्यात कालुंदर या माशाची बोटुकली सोडली. तिलापियाप्रमाणे तो आपोआप पिलावळ वाढवील अशी त्यांची अपेक्षा होती. मासे चांगले वाढले, पण पिले दिसत नाहीत. तळ्याचा तळ सपाट चिखलाचा आहे, पाणवनस्पती आणि जुने लाकूड त्यांनी साफ करून घेतले आहे, आणि तळ्यात थोडा तिलापियाही आहे. मादी अंडी तोंडात धरते का, पाण्यात मीठ वाढवावे का, आणि आपोआप आलेले लहान पिवळे मासे काढून टाकावेत का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे आणि बाकीची बरीचशी उत्तरे त्यातूनच निघतात. कालुंदराची मादी अंडी तोंडात उबवत नाही. ती अंडी एखाद्या कठीण, स्वच्छ पृष्ठभागावर चिकटवते आणि नर व मादी दोघेही त्यांची राखण करतात. आपल्याकडे पसरलेल्या मोझांबिक तिलापियाचा नर चिखलात खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून लगेच ती तोंडात घेते, आणि पुढचे सगळे संगोपन तिच्या तोंडात होते. म्हणून त्या माशाला चिखलाचे तळे पुरते. कालुंदराला ते पुरत नाही. आपण तळे साफ करताना लाकूड आणि फांद्या काढून टाकल्या, तेव्हा नकळत त्याच्या अंड्यांची जागाच काढून टाकली, असे माझे मत आहे.

दोन्ही मासे एकाच सिक्लिड कुळातले असल्यामुळे हा गोंधळ होतो, पण हातात घेतल्यावर त्यांतला फरक ओळखणे सोपे आहे. पोटाच्या मागच्या बाजूस, शेपटीच्या अलीकडे खालच्या अंगाला जो पर असतो, त्याच्या पुढच्या भागातले कठीण काटे मोजावेत. तिलापियाला तेथे तीन काटे असतात, तर कालुंदराला बारा-तेरा. रंग पाण्याप्रमाणे, वयाप्रमाणे आणि भीतीनेसुद्धा बदलतो, काटे बदलत नाहीत. एरवी कालुंदराचे अंग उंच आणि दोन्ही बाजूंनी चपटे असते, हिरवट खवल्यांवर मोत्यासारखे पांढरे ठिपके असतात, अंगावरून गडद उभे पट्टे गेलेले असतात, आणि छातीच्या पराच्या मुळाशी काळा डाग असतो. तोंड मात्र शरीराच्या मानाने फारच लहान असते, आणि हे लहान तोंड पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

बर्लिनचे वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लोख यांनी १७९० मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. आजचे त्याचे नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस असे आहे. नावात सुरत असली तरी त्याचा खरा विस्तार गोव्याच्या खाजणांपासून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींपासून, केरळच्या कायलांपर्यंत, म्हणजे समुद्रालगतच्या मचूळ पाण्याच्या सरोवरांपर्यंत, पुढे श्रीलंकेत आणि पूर्व किनाऱ्यावर ओडिशाच्या चिलिका सरोवरापर्यंत आहे. केरळात त्याला करिमीन म्हणतात आणि २०१० मध्ये त्या राज्याने त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले. जगात सिक्लिडांच्या सतराशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, पण भारताच्या स्वतःच्या अशा तीनच. एक कालुंदर, दुसरा आपल्या तळ्यातला तो लहान पिवळा मासा, आणि तिसरा मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७७ मध्ये वर्णिलेला एट्रोप्लस कॅनारेन्सिस, जो दक्षिण कन्नड भागातल्या नद्यांच्या गोड्या पाण्यापुरता मर्यादित आहे.

या तिघांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नाहीत, तर मादागास्करमध्ये आहेत. त्यांच्या वंशाला पॅरेट्रोप्लस म्हणतात. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.५ ते ९ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून अलग झाले, म्हणून हे मासे त्या तुटलेल्या भूखंडांवर बसूनच वेगळे झाले असावेत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. उलट, सर्वांत जुने ज्ञात सिक्लिड जीवाश्म टांझानियातले असून सुमारे ४.६ कोटी वर्षांपूर्वीचेच आहेत, आणि रेणवीय कालगणनेच्या, म्हणजे जनुकांतल्या फरकांवरून काळ मोजण्याच्या, काही अभ्यासांतही हे कुळ इतके जुने ठरत नाही. त्यामुळे त्यांचे पूर्वज समुद्र ओलांडून आले असावेत, असे दुसरा पक्ष म्हणतो. खारे पाणी सहन करणाऱ्या या माशांकडे पाहिल्यावर मला दुसरी शक्यता सहज फेटाळता येत नाही. नाते जवळचे आहे, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे. या गटाच्या वाताशयाचे, म्हणजे अंगातल्या हवेच्या पिशवीचे, पुढचे टोक दुभंगून थेट अंतःकर्णापर्यंत पोहोचते. लहान पिवळ्या जातीवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की हा मासा सुमारे ३ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू शकतो, जे इतर सिक्लिडांच्या मानाने बरेच जास्त आहे. तळ्याच्या काठावर पाऊल आपटले की कालुंदर का दडतो, याचे एक कारण यात असावे, असे मला वाटते.

आता मिठाचा प्रश्न. मीठ घालू नये. कालुंदर पूर्ण गोड्या पाण्यात जगतो, मचूळ पाण्यात जगतो आणि समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही टिकतो. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या माशाला पावसाळ्यात गोडे आणि उन्हाळ्यात खारे पाणी सोसावेच लागते. त्याला बाधतो तो वेग. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचे पाणी घेताना काही दिवसांत हळूहळू झालेला बदल तो पचवतो, पण एका दुपारी पोतेभर मीठ ओतले तर तोच मासा अन्न सोडतो. पिले न दिसण्याचे कारण खारटपणाची कमतरता असते, असे मला आजवर कोणत्याही तळ्यात आढळलेले नाही.

त्याच्या अन्नाविषयी थोडक्यात सांगतो. पिले सूक्ष्म प्राणी खातात, आणि मोठे मासे मुख्यतः धाग्यासारखे शेवाळ, पाणवनस्पतींचे कोवळे भाग आणि तळावरचा कुजका गाळ खातात. लहान तोंडाने तो दगडावरचे शेवाळ खुडतो आणि सर्व सिक्लिडांप्रमाणे घशात असलेल्या दुसऱ्या जबड्याने ते दळतो. त्यामुळे बुडलेले लाकूड हे त्याचे घरटे असते, तसेच कुरणही असते.

विणीचा काळ नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आपली अडचण तेथेच आहे. बाहेरून पाहून नर-मादी ओळखता येत नाहीत. विणीच्या वेळी जननछिद्राजवळचा उंचवटा पाहून अनुभवी हाताला अंदाज येतो, एवढेच. जोडी मासे स्वतःच जुळवतात, आपण निवडून जोडलेली जोडी बहुधा भांडत राहते. म्हणून तळ्यात किंवा मोठ्या टाकीत सहा-आठ मासे एकत्र वाढू देऊन जोडी जुळण्याची वाट पाहणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. जोडी जुळली की ती एक जागा निवडते. दगडाची बाजू, बुडलेली फांदी, नारळाच्या झावळीचा देठ, करवंटी, फुटके कौल, बांधाच्या चिऱ्याची उभी कड, यांपैकी काहीही चालते, मात्र ते कठीण हवे, हलणारे नको, आणि त्यावर गाळ बसलेला नको. दोघेही कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस, त्या जागेवरचे शेवाळ आणि चिकटा तोंडाने खुडून काढतात. तळ्याच्या स्वच्छ पाण्यात हिरवट दगडावर तळहाताएवढा उजळ, घासल्यासारखा डाग दिसला, तर तेथे विणीची तयारी चालू आहे असे खुशाल समजावे.

मादी अंडी एकेक करून चिकटवते आणि नर मागून त्यांच्यावरून जातो. अंडी लांबट, सुमारे २ मिलिमीटरची असतात, आणि प्रत्येक अंडे एका बारीक देठाने पृष्ठभागाला लटकलेले असते. पाण्याच्या हलक्या हालचालीबरोबर ही अंडी डुलतात, आणि म्हणूनच त्यांच्या सर्व बाजूंना ताजे पाणी लागते. एका वेळच्या अंड्यांची संख्या काहीशेपासून काही हजारांपर्यंत असते. शेतात वाढवल्या जाणाऱ्या कटल्याची किंवा रोहूची मादी लाखांनी अंडी देते. त्यांच्या तुलनेत हे अगदीच थोडे आहे. कालुंदर संख्येवर भिस्त ठेवत नाही, राखणीवर ठेवतो. आई-बाप आळीपाळीने अंड्यांसमोर थांबून छातीच्या परांनी पाणी हलवतात, मेलेली पांढुरकी अंडी तोंडाने वेचून काढतात, आणि त्यांच्यापैकी एक जण जवळपास फिरून येणाऱ्याला हुसकावतो.

याच दिवसांत जोडी घरट्याजवळच्या चिखलात उथळ खड्डे करून ठेवते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. अजून पोहता न येणारी पिले आई-बाप तोंडात घेऊन त्या खड्ड्यात नेऊन ठेवतात, आणि पुढेही धोका वाटला की एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवतात. मादी पिले तोंडात वाढवते हा समज बहुधा येथूनच निघाला असावा. कोणीतरी तोंडातून पिले बाहेर पडताना खरोखर पाहिलेली असतात, पण तो काही क्षणांचा प्रवास असतो. इतक्या लहान तोंडात पिलांचा थवा आठवडाभर मावणारही नाही. पोटातले पीतक, म्हणजे अंड्यातून आलेला अन्नसाठा, संपत आले की पिले वर उठतात, थव्याने पोहू लागतात, आणि मग कित्येक आठवडे आई-बापांच्या भोवती ढगासारखी फिरत राहतात. श्रीलंकेतल्या अभ्यासांत एका थव्याभोवती दोनाहून अधिक मोठे मासे राखण करताना आढळले आहेत, म्हणजे हे काम कधीकधी जोडीपुरतेही राहत नाही.

मी टाकीत पहिली काही वर्षे एक चूक करत असे, ती सांगतो, कारण तळ्यातही तीच होते. अंडी दिसली की पाहण्याच्या उत्सुकतेने मी रोज दिवा धरून जवळ जायचो, आणि दोन-तीन दिवसांनी अंडी गायब व्हायची. आई-बापांनी ती खाल्ली म्हणून मी त्यांनाच दोष देत असे. टाकीच्या तीन बाजू झाकल्या आणि जाणे थांबवले, तेव्हा त्याच जोडीने पिले वाढवली. सतत धोका जाणवणारी जोडी अंडी सोडून देते किंवा खाऊन टाकते, आणि पुढच्या विणीसाठी स्वतःला राखते. तळ्यात रोज जाळे फिरवणे, पाण्यात उतरून गाळ ढवळणे, काठावर सतत वर्दळ असणे, यांचा परिणाम तोच होतो.

आता लहान पिवळ्या माशाकडे येतो, कारण आपण तो काढायच्या विचारात आहात. तो मासा स्यूडेट्रोप्लस मॅक्युलॅटस आहे, केरळात त्याला पल्लत्ती म्हणतात. ब्लोख यांनीच १७९५ मध्ये त्याचे वर्णन केले. पूर्ण वाढलेला मासा बोटाएवढा, सुमारे आठ सेंटिमीटरचा असतो. पिवळ्या अंगावर नारिंगी ठिपक्यांच्या ओळी आणि कुशीच्या मध्यावर गडद डाग असतो. शोभेच्या माशांत मिळणारा सरसकट नारिंगी मासा हा त्याचाच निवडून वाढवलेला प्रकार आहे. कालुंदर आणि हा लहान मासा यांचे नाते मला या विषयातले सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते. वायमन आणि वॉर्ड या संशोधकांनी १९७२ मध्ये वर्णन केले आहे की लहान जातीचे मासे कालुंदराच्या अंगावरची, विशेषतः परांवरची बुरशीसारखी वाढ टोचून खातात आणि कालुंदर त्यांना ते करू देतो. समुद्रातल्या प्रवाळांत सफाई करणारे मासे प्रसिद्ध आहेत, पण नदी-खाडीच्या पाण्यात एका सिक्लिडाने दुसऱ्याची अशी सेवा करावी, हे क्वचितच पाहायला मिळते. आणि तोच लहान मासा संधी मिळाली की कालुंदराची अंडी आणि खड्ड्यातली पिले फस्त करतो. एकाच शेजाऱ्याकडून औषधही मिळते आणि नुकसानही होते.

ही टोचून खाण्याची सवय त्याच्या बालपणातच दिसते. पल्लत्तीची पिले पोहू लागली की आई-बापांच्या कुशीला हलकेच धडकून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव खातात. वॉर्ड आणि बार्लो यांनी १९६७ मध्ये या वर्तनाचा वयाबरोबर होणारा चढ-उतार नोंदवला. हा स्राव हेच पिलांचे एकमेव अन्न नसते, पण पहिल्या दिवसांत त्याचा आधार मोठा असतो, आणि त्यामुळे पिले आई-बापांना चिकटून राहतात. हेच लहानपणी शिकलेले टोचणे पुढे कालुंदराच्या सफाईत उपयोगी पडत असावे, असा तर्क मला पटतो. पल्लत्तीच्या जोडीलाही अंडी चिकटवायला तसाच कठीण पृष्ठभाग लागतो, अंडी मात्र दोन-तीनशेच असतात.

म्हणून लहान मासे सरसकट काढू नयेत. तळ्यात कालुंदराच्या जोड्या निरोगी असतील आणि पाणी स्वच्छ असेल, तर त्या लहान माशांना अंड्यांपासून दूर ठेवू शकतात, कारण दोघांच्या आकारात फार मोठा फरक आहे. पाणी गढूळ असेल तर आई-बापांना चोर दिसतच नाही, आणि अंडी गेल्याचा सगळा दोष लहान माशावर येतो. गढूळपणाचे दुसरे नुकसान असे की बारीक गाळ देठावर लटकलेल्या अंड्यांवर बसतो आणि त्यांचा श्वास कोंडतो. कालुंदराची वीण पाणी निवळल्यावर जोर धरते, ती याच कारणाने.

आपल्या तळ्यातले पाणी कोण गढूळ करते, तर बहुधा तिलापिया. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. त्याचे नर विणीसाठी तळावर एकमेकांशेजारी खळगे उकरत राहतात, आणि मऊ चिखलाच्या उथळ तळ्यात त्यातून उठणारा गाळ दिवसभर खाली बसत नाही. शिवाय मोकळी फिरणारी तिलापियाची पोरेही चिकटवलेल्या अंड्यांवर डल्ला मारतात. दोन्ही मासे पाळायचे असतील तर ते वेगळ्या पाण्यात पाळावेत, हा माझा सल्ला आहे. एकाच तळ्यात ठेवले तर काही वर्षांत तेथे तिलापियाच उरतो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

तेव्हा पुढील पावसानंतर असे करावे. पाणी निवळू लागले की तळ्याच्या कडेने, कमरेएवढ्या खोलीत, दोन-दोन हातांच्या अंतरावर जुनी कौले तिरपी रोवावीत, नारळाच्या झावळ्यांचे जाड देठ आणि काही खडबडीत दगड ठेवावेत. एकमेकांना लागून ठेवू नयेत, कारण प्रत्येक जोडीला आपल्या घरट्याभोवती मोकळी जागा लागते. केरळात वेम्बनाड आणि अष्टमुडीच्या कायलांत फांद्यांचे ढीग पाण्यात रोवतात, त्यांना पडल म्हणतात. त्यांत करिमीन आसऱ्याला आणि खाण्याला जमतो, मग भोवती जाळे लावून तो पकडतात. आपण त्यातली आसऱ्याची अर्धी युक्ती घ्यावी, पकडण्याची अर्धी निदान एक हंगाम सोडून द्यावी. कारण थवा सांभाळणाऱ्या जोडीतला एक मासा जरी काढला, तरी उरलेल्या एकट्याला चहूबाजूंनी राखण करता येत नाही आणि पिले काही तासांत संपतात. ताटात एक मासा आलेला दिसतो, पण तळ्यातून शेकडो गेलेले असतात. विक्रीसाठी मासे काढायचेच असतील तर ज्यांच्याभोवती पिलांचा ढग नाही असे मोकळे फिरणारे मासे गळाने काढावेत, जाळे ओढू नये.

कौले लावल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात काहीच घडताना दिसणार नाही, कारण त्यांवर आधी शेवाळ धरावे लागते. पुढे सकाळी, ऊन तिरपे असताना, काठापासून थोडे मागे उभे राहून पाण्यात पाहावे. कौलावर घासल्यासारखा उजळ डाग आणि त्याच्यासमोर शेजारीशेजारी थांबलेले दोन मासे दिसले, की त्या बाजूला आठ-दहा दिवस कोणालाही उतरू देऊ नये. त्यानंतर तळाजवळ, दोन मोठ्या माशांच्या मधोमध, राखाडी धुरासारखे काहीतरी हलताना दिसेल. ती आपल्या तळ्यातली पहिली पिले असतील.